सोळातले सव्वातीन

३ जानेवारी

ती. ताईस,
खारूचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. स्कॅनरही पोचला. तू त्याला गुंडाळलेली तीन ब्लँकेटं सोडवायला अर्धा तास लागला. आत्याने विचारलं, की आत यंत्र आहे की आजारी माणूस. तुझ्या ऑफिसने मोडीत काढलेला असला तरी काच अजून लख्ख आहे. एवढं धूड तू माझ्यासाठी मागून घेतलंस, गाडीत चढवलंस, तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही. फेडणार नाही, हे तुला कळतंच.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि मग कोण काय म्हणालं ते भावोजींना समजावून सांगावं लागतं. आत्याकडे इंटरनेटही नाही. घरात आणखी कोणी बोलणारं नको, असं तिचं म्हणणं.

तिच्या तीन खोल्यांपैकी अडीच कागदांच्या आहेत. मी वाढवून सांगते असं तू नेहमी म्हणतेस, म्हणून मोजले. शहाण्णव. कपाटावर, पलंगाखाली, इस्त्रीच्या टेबलावर. प्रत्येक कागद चौकटींचा, आणि प्रत्येक चौकोन म्हणजे गालिच्यातली एक गाठ. आठ रांगा, रांगेत बारा. आत्याने सगळं आयुष्य गालिच्यांच्या नक्षी काढण्यात घालवलं, पण हे काम वेगळंच आहे. अकरा वर्षं ती स्वयंपाकघरात बसून एकेक कागद रंगवत होती. चित्र एका तळ्याचं. डाव्या टोकाला उजाडतं, उजव्या टोकाला मावळतं. विणून झाल्यावर ते शहराच्या वाचनालयाच्या मोठ्या दालनात लागणार आहे. पण एवढी भिंत आत्याकडे नाही, एवढी जमीनही नाही. त्यामुळे हे तळं तिने स्वतः अजून एकदाही अख्खं पाहिलेलं नाही.

गालिचा विणणाऱ्या कारखान्याला सगळं जोडलेलं एकच चित्र हवंय, नाहीतर सांध्यांवर रंग फुटून भिंतीवर रेघा दिसतील. ते माझं काम. शाळेतून दोन महिन्यांची रजा काढली आहे. मुलं खूश आहेत, चित्रकलेच्या तासाला त्यांना मैदानावर सोडतात.

आता डोळ्यांचं. डावा डोळा मधोमध गेला आहे. उजव्याच्या पडद्यामागे रक्त साचतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की महिना जाईल की वर्ष, सांगता येत नाही. आत्या रोज फक्त विचारते, कितवा कागद झाला.

कॉम्प्युटर वाचनालयाने नवाकोरा दिला आहे. सोळा जीबी मेमरी! दुकानदार टीव्ही, पंखे आणि कॉम्प्युटर एकाच उत्साहाने विकतो. तू दिलेली डिस्क पाहून तो कुरकुरला, की इतकी जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आता कोण घालतं. मी त्याला ठणकावून सांगितलं, की ताई म्हणते तिच्याशिवाय हा स्कॅनर चालत नाही. त्याने निमूटपणे घातली.

भावोजींना नमस्कार. माया आहेच, पण अधूनमधून लिहून दाखव.

तुझी,
खारू


८ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आनंद झाला. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. झाला की नाही, ते खालचं वाचून तूच ठरव.

मी नकाशांच्या कार्यालयात बावीस वर्षं काय करते, ते तुला आठवत असेलच. कागदाला कागद जोडते. नदी एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना तुटू नये, रस्ता सांध्यावर वाकू नये, एवढंच माझं काम. आणि आत्याला कागद जोडायला माणूस लागलं तेव्हा तिला तू आठवलीस. जिला शाळेत वहीला सरळ कव्हर घालता येत नव्हतं. जिची कव्हरं मी घालून द्यायची.

विनोद आहे, हस.

सोळा जीबी वाचून मी माझ्या टेबलावरच्या यंत्राकडे पाहिलं. दोन जीबी. पंखा असा धापा टाकतो, की शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारतात, याला डॉक्टरला दाखवलंत का. या दोन जीबीत मी जिल्हेच्या जिल्हे जोडते, अर्ध्या अर्ध्या तुकड्यांनी, चिकाटीने. तुला मात्र पहिल्याच दिवशी सोळा. लहानपणी नवी रंगपेटी तुझी आणि तुझे उरलेले खडू माझे, तसंच चाललंय. मी थोरली असून तुझं जुनं वापरणारी बहुधा जगातली एकटीच.

डिस्क घातलीस ते बरं केलंस. तिच्याशिवाय तो स्कॅनर हलणार नाही, हे खरं आहे.

आत्याने माझ्याबद्दल काही विचारलं का? मुद्दाम काढू नकोस विषय. आपण होऊन विचारलं असेल तर कळव.

हे बरे आहेत. गुडघा दुखतो म्हणतात आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतात. आठवण ठेव, निदान पेन हातात असेल तेवढ्यापुरती.

तुझी,
ताई


१४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसले. पण पूर्ण नाही. तुझ्या विनोदाला हल्ली टाचणी असते.

आत्याने तुझ्याबद्दल विचारलं. तुझं ऑफिस अजून त्याच इमारतीत आहे का, आणि तू अजून पेन्सिलीला ब्लेडने टोक काढतेस का, असं. मी दोन्हीला हो म्हटलं.

कामाचं सांगते, कारण मी अडकले आहे. शहाण्णव कागद स्कॅन झाले. एकेक कागद सव्वाशे एमबीचा. सगळे मिळून बारा जीबी, आणि माझ्याकडे सोळा. माझं गणित चौथीतल्या मुलाने तपासलं तरी बरोबर निघेल. पण जोडायला घेतलं, की तेराव्या कागदापर्यंत सुरळीत आणि चौदाव्याला मशीन थिजतं. पाटी येते, की मेमरी अपुरी. पुन्हा सुरू करते, पुन्हा चौदावा. काल अकरा वेळा केलं. आत्या दारात उभी राहून विचारते, की तळ्यातली बदकं दिसायला लागली का. बदकं तिसाव्या कागदापासून आहेत.

लहान करून जोडलं तर जमतं, पण मग चौकोन एकमेकांत मिसळतात. आत्याने नाक स्क्रीनला लावून पाहिलं आणि म्हणाली, की हे तळं नाही, हा गाळ आहे. आणि कारखान्याला तसलं चालणारही नाही.

आज मशीनच्या माहितीचं पान उघडलं, तर तिथे लिहिलंय: बसवलेली मेमरी सोळा जीबी, वापरता येण्याजोगी सव्वातीन. हे काय गौडबंगाल आहे? सोळा आहेत तर सोळा का वापरता येत नाहीत? बाकीचे पावणेतेरा कोण वापरतंय? तुला यातलं कळतं. मला सोप्या भाषेत सांग आणि लवकर सांग. आत्या रोज सकाळी उठल्याबरोबर एक डोळा झाकून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे बघते, दिसतात का ते. मी बघते आहे हे तिला माहीत नाही.

वाट बघते. जीव लाव, विनोद नंतर कर.

तुझी,
खारू


१८ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र डबा खाताना वाचलं. मेमरीच्या पट्ट्या खराब असाव्यात. नव्या मालात असं निघतं कधीकधी. वरून सोळा म्हणतात आणि आतून काम करत नाहीत. तुझ्या त्या पंखेविक्याला सांग, की पट्ट्या बदलून दे. दुसऱ्या घातल्यास, की होईल.

नव्या यंत्रांचं हेच असतं. दिसायला भपका, आणि चौदाव्या कागदाला धाप.

आत्याला सांग, की पेन्सिलीचं यंत्राने काढलेलं टोक मला अजून आवडत नाही. आणि ऑफिस त्याच इमारतीत आहे, फक्त आता मी तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ बसते. खिडकीजवळची जागा मिळायला अठरा वर्षं लागली. हे सांगितलंस तरी चालेल.

थंडी आहे, गळ्याला काही गुंडाळत जा. लोभ कमी-जास्त होत असतो, तुटू मात्र देऊ नकोस.

तुझी,
ताई


२५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पट्ट्या बदलल्या. सव्वातीन.

दुकानदार आता आमच्या घरचाच झाला आहे. त्याला चहात साखर किती लागते ते आत्याला पाठ झालं. पहिल्या पट्ट्या काढून दुसऱ्या घातल्या, सव्वातीन. खाचा पुसून पुन्हा घातल्या, सव्वातीन. मग तो इरेला पेटला आणि दुकानातून आणखी आणून एकदम बत्तीस जीबी घातले. ताई, बत्तीस घातले तरी ते पान शांतपणे म्हणतं, की वापरता येण्याजोगी सव्वातीन. मला हसू आलं आणि मग हसू थांबेना आणि मग मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

संध्याकाळी चहा पिताना आत्या म्हणाली, की ताईला विचारलंस का. मी म्हटलं, विचारलं, ती म्हणते पट्ट्या खराब आहेत. त्यावर आत्या म्हणाली, की मग असतील. ताईला नेमकं कळतं. ती चुकत नाही.

मी कागद पुन्हा टेबलावर पसरून बघितले, एका वेळी सहा मावतात. आत्या एकेकावर वाकते आणि बोट फिरवते. डाव्या डोळ्याने तिला कडेचे चौकोन दिसतात, ज्याच्यावर नजर रोखते तोच दिसत नाही. उजव्याने अजून बरंच दिसतं, पण काल तिने पिवळ्याला पांढरा म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात औषध सोडलं आहे. त्या म्हणाल्या, की बघायचं असेल ते बघून घ्या. आत्याने त्यांना सांगितलं, की बघायचं एकच आहे आणि ते माझ्या भाचीच्या मशीनमध्ये अडकलंय.

पट्ट्या नाहीत तर मग काय? दुसरं काय असू शकतं? आठवून बघ ना. कुणाला तरी विचार. तुझ्याशिवाय मला यातलं विचारायला कोणी नाही.

तुझी,
खारू


२९ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

मग ज्या फळीवर पट्ट्या बसतात ती फळीच बिघडलेली असेल. मशीन परत करून दुसरं मागावं. आठ-दहा दिवस लागतील, पण इलाज नाही.

मला इथे महिनाअखेरचं काम आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. आत्याला नमस्कार.

ताई


३ फेब्रुवारी

ती. ताईस,

आज सकाळी आत्याला घड्याळ दिसलं नाही. काटे नाही, घड्याळच. म्हणाली, भिंतीवर मधोमध धुराचा गोळा आहे आणि त्याच्या कडेने भिंत आहे. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. उजवा डोळाही मधून गेला. परत येण्यासारखा नाही.

ती रडली नाही. घरी आल्यावर तिने मला सांगितलं, की मशीन परत पाठवायची घाई करू नकोस, आता काय फरक पडतो. मग कपाट उघडून सगळे रंग बाहेर काढले आणि बाटल्यांची झाकणं एकेक करून घट्ट लावत बसली.

बाकी काही लिहवत नाही.

खारू


५ फेब्रुवारी

खारू,

फोन हातात घेऊन खाली ठेवला. तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा खोटं बोलले असते. म्हणून हे पत्र, कुरिअरने. सोबतच्या पाकिटात दोन डिस्क आहेत.

तुझ्या पट्ट्या चांगल्या आहेत. पहिल्याही चांगल्या होत्या. फळी चांगली आहे. त्या दुकानदाराची माझ्या वतीने माफी माग. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नाही आणि हे मला तुझं चौदा तारखेचं पत्र वाचताक्षणी माहीत होतं. खरं तर आधीपासून. तू सोळा जीबी लिहिलंस आणि मी दिलेली डिस्क घातल्याचं लिहिलंस, त्या ओळीलाच मला कळलं होतं, की तू अडकणार.

ती डिस्क बत्तीस बिटची आहे. तसल्या सिस्टीमला चार जीबीच्या पुढे मोजताच येत नाही. पोस्टमनच्या यादीत चारच गल्ल्या आहेत असं समज. तू पुढे बारा गल्ल्या बांधल्यास, दिवे लावलेस, तरी त्याच्या लेखी तिथे नुसता माळ. त्या चारातलेही पाऊणभर पत्ते पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड आणि इतर सुटे भाग आपल्यासाठी अडवून ठेवतात. उरतात सव्वातीन. आणि कुठल्याही एका प्रोग्रामला त्यातले दोनच मिळतात, म्हणून तू चौदाव्या कागदाला थिजत होतीस. बत्तीस घाल, शंभर घाल, तिथेच थिजशील.

उपाय दीड तासाचा आहे. दुकानदाराकडून दुसरी हार्ड डिस्क बसवून घे आणि तिच्यावर पाकिटातली निळी डिस्क घाल. ती चौसष्ट बिटची सिस्टीम आहे, तिला सगळे सोळा दिसतील. दुसऱ्या डिस्कमध्ये जोडणीचा प्रोग्राम आहे, तोही चौसष्ट बिटचाच हवा, नाहीतर पुन्हा दोनात अडकशील. जुनी सिस्टीम आहे तिथे राहू दे. एखादा कागद पुन्हा स्कॅन करावा लागला तर लागेल.

हे मला कसं माहीत, तर दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात, माझं टेबल सोडून, नवी यंत्रं आली तेव्हा हेच झालं होतं. सगळा मजला हवालदिल, आणि मी शोधून काढलं. आठवडाभर घरी तेच सांगत होते. काल यांनी तुझी सगळी पत्रं वाचली आणि मला विचारलं, की हे तर तुला येतं ना. मी म्हटलं, हो. त्यांनी विचारलं, की मग तिला सांगितलं नाहीस का. त्यावर मी उठून भांडी घासायला गेले. घासलेली भांडी पुन्हा घासली.

का केलं, ते लिहिते. तू सव्वातीनबद्दल विचारलंस तेव्हा मी डबा खात होते. मला हसू आलं. कुणाला दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. मला वाटलं, चार दिवस अडकू दे. आत्याला कळू दे, की नुसता हात चांगला असून भागत नाही. तिला म्हणू दे, की अगं ताईला बोलवा. मी मनात बॅगसुद्धा भरली होती. मी येणार, पंधरा मिनिटांत सोडवणार, आणि तुम्ही दोघी मागे उभ्या. तुझं दुसरं पत्र आलं, त्यात आत्या म्हणाली होती, की ताई चुकत नाही. ते वाचून मला सांगून टाकायला हवं होतं. पण उलटच झालं. तेवढं एक वाक्य मिळालं आणि मला आणखी हवंसं वाटलं.

तुझा हेवा मला तू पाळण्यात होतीस तेव्हापासून वाटतो. तुझ्या हाताचा, तुझ्या हसण्याचा, लोक तुला कामं सांगताना जसे आधीच खूश असतात त्याचा. यात नवीन काही नाही. पण आजवर मी तो शब्दांत काढत होते. या वेळी तो आत्याच्या डोळ्यांतून काढला.

तिला सांगायचं की नाही, ते तू ठरव. माफ कर असं लिहिण्याचा मला हक्क नाही.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

तू लिहिलंस तसं केलं. सगळे सोळा दिसले. दुकानदार जास्तीच्या पट्ट्या परत घेऊन गेला. जाताना म्हणाला, की तुमच्या ताईंनी हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, तिला आधी माहीत नव्हतं. का म्हटलं, ते मला माहीत नाही.

तीन आठवडे, ताई. अठरा जानेवारीला आत्याला घड्याळाचे काटे दिसत होते. त्यावर मी आणखी काही लिहिणार नाही, कारण लिहायला लागले तर थांबणार नाही.

जोडणी काल संपली. वाचनालयाने मोठा पडदा पाठवला, तो आत्याच्या समोरच्या भिंतीला लावला. तिला खुर्चीत बसवलं आणि चित्र उघडलं. तिने पडद्याकडे पाहिलं आणि लगेच तोंड दाराकडे फिरवलं. मला वाटलं, रुसली. कितीतरी वेळ ती तशीच, दाराकडे तोंड करून. मी विचारलं, की बंद करू का. तर म्हणाली, की गप्प बस, मी बघते आहे. तिला आता फक्त कडेने दिसतं. समोर पाहिलं की धूर, म्हणून जे बघायचं त्याच्याकडे पाठ वळवल्यासारखं बसावं लागतं. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत तिने मान अशी हळूहळू फिरवत नेली. मी चित्र जवळ आणत होते, लांब नेत होते. बदकं तिला सापडली. पाण्यावरचा पिवळा तिने ओळखला, की नुसता सांगितला, देव जाणे.

शेवटी म्हणाली, की उजवीकडचा अंधार मी फार लवकर आणला, दोन कागद आधीच संध्याकाळ झाली. शेजारी शेजारी ठेवून पाहिले असते तर कळलं असतं. मी विचारलं, की बदलायचं का. तर म्हणाली, की आता राहू दे.

मग मी तिला सगळं सांगितलं. तुझं पत्र वाचून दाखवलं, भांड्यांपर्यंत आणि त्याच्या पुढचंही. लपवणं आपल्या घरात एकीने केलं तेवढं पुरे.

तुझ्या पत्रातलं ते पाळण्यातलं वाक्य मला वाचून दाखवताना जमलं नाही. ते मी गाळलं.

खारू


२० फेब्रुवारी

चि. ताईस,
अ. उ. आ.

ओळी वाकड्या येतील. जाड पेनाने लिहिते आहे आणि लिहिलेलं मला दिसत नाही. खारूने मदत करू का विचारलं, तिला बाहेर पाठवलं.

मी रागावले. दोन दिवस जेवताना तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. तू समोर असतीस तर काहीतरी फेकून मारलं असतं आणि नेम चुकला असता. तुझ्यामुळे मी माझं तळं तोंड फिरवून पाहिलं. हे तुला जन्मभर माहीत असू दे.

आता दुसरं. तुला मी बोलावलं नाही. खारूने नाही, मी. मुद्दाम. तू एकोणीस वर्षांची असताना माझ्या टेबलाशी बसली होतीस आणि एका नक्षीत बोट ठेवून म्हणालीस, की आत्या, ही गाठ एक घर चुकली आहे. मी पंधरा दिवस त्या कागदावर काम करत होते. तू दोन मिनिटं पाहिलंस. तू बरोबर होतीस. मी चूक सुधारली, तुला शाबासकी दिली, आणि त्यानंतर तुला पुन्हा कधी कागद दाखवला नाही. आठवत असेल तर बघ. मला तुझ्या नजरेचा हेवा वाटला. तुझ्यात हात नव्हता, पण ती नजर मला हवी होती. या अकरा वर्षांच्या कामात माझ्या किती चुका आहेत ते मला ऐकायचं नव्हतं. खारूला त्या दिसत नाहीत. म्हणून खारू.

तेव्हा पोटातलं दुखणं तुझं एकटीचं नाही. मी ते तीस वर्षं सांभाळलं आणि तू तीन आठवडे. पण माझ्यामुळे कुणाचं बघायचं राहिलं नाही. हा फरक आहे, आणि तो मी मिटवणार नाही.

कारखान्यात पुढच्या महिन्यात माग चढतो आहे. एकदा गाठी बसल्या, की मागे जाता येत नाही. कुणीतरी रोज कागद आणि माग ताडून पाहायला हवा. माझ्याने होणार नाही. खारूला शाळेत परत जायचं आहे, आणि तिला एक घर इकडेतिकडे झालेलं कळतही नाही. मी कारखान्याला तुझं नाव सांगितलं आहे. रजा काढ. माफी मागायला येऊ नकोस, त्याला माझ्याकडे वेळ नाही. कामाला ये.

तुझी,
आत्या

ता. क. विणकर चुकले तर लगेच बोल. मी चुकले असेन तिथे मला विचारल्याशिवाय बोलू नकोस.


१७ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझं चार ओळींचं पत्र इथे कारखान्याच्या पत्त्यावर मिळालं. वर सा. न. वि. वि. होतं. मी ते दोनदा वाचलं. खाली काय होतं त्याहून ते जास्त वाचलं. घाई करू नकोस, अजून बरंच उरलं आहे ते मला माहीत आहे.

इथलं सांगते. लांबलचक खोली, छपराला काचा, माग एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. सात बाया ओळीने बसतात. मुख्य विणकरीण बोलते कमी आणि ऐकते जास्त, कात्री गळ्यात अडकवलेली. मी त्यांच्यामागे तुझ्या जोडणीचे छापील कागद घेऊन फिरते आणि गाठी तपासते. पहिल्या दिवशी बायांना माझा वैताग आला, दुसऱ्या दिवशी जास्त आला, आणि चौथ्या दिवशी एकीने स्वतःच हाक मारून विचारलं, की हे बरोबर आहे का बघा. आजवर बावीस चुका पकडल्या. आत्याच्या म्हणशील तर तीन. पहिल्या दोन तिला विचारल्या. एकीला ती म्हणाली, बदला. दुसरीला म्हणाली, तो माझा हात आहे, राहू दे. तिसरी मी विचारली नाही. ती बदकाच्या मानेत आहे आणि तिच्यामुळे ते बदक मान वळवल्यासारखं दिसतं. मला ते आवडलं. चूक आवडण्याची ही माझी पहिलीच वेळ. कुणाला सांगू नकोस.

सांधा कुठेही दिसत नाही, खारू. मी शोधला. बावीस वर्षं सांधे शोधणारी बाई मुद्दाम शोधत होती, आणि सापडला नाही. हे कुठल्याही मेमरीने झालेलं नाही, दोन कागदांवरचे दोन वेगळे निळे एकमेकांत असे नेणं मला या जन्मी जमलं नसतं.

आत्या रोज सकाळी येते. मागाच्या कडेला तिची खुर्ची. बाया उठल्या, की ती विणलेल्या पट्टीवर तळहात ठेवते आणि डावीकडून उजवीकडे नेते. माझ्याशी कामापुरतंच बोलते. काल मात्र तिने माझा हात धरून पट्टीवर ठेवला आणि म्हणाली, की इथे बोट लाव, इथे पाणी सुरू होतं. मला बोटाला काही कळलं नाही. मी हो म्हटलं. मग वाटलं, पुन्हा खोटं. म्हणून सांगून टाकलं, की आत्या, मला नाही कळलं. ती हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आज तुझा हेवा वाटला. रंगाची काही अडचण आली, की मुख्य विणकरीण माझ्याकडे बघतच नाही. कागदाच्या कडेला तू पेन्सिलीने लिहिलेल्या सूचना शोधते आणि म्हणते, की बघू, खारूबाई काय म्हणतात. आज तिने तुझी एक सूचना सगळ्या बायांना मोठ्याने वाचून दाखवली, ती मावळतीच्या लालात एक धागा करडा घाला अशी, आणि बायांनी माना डोलावल्या, आणि आत्याने दाराकडे तोंड करून ते सगळं डोळाभर पाहिलं. मी बाहेर गेले. नळावर उगाच हात धुतले. वाटलं, तो धागा करडा नसून राखी हवा असं म्हणावं. म्हटलं नाही, कारण करडाच हवा होता.

परत आत आले आणि करड्याच्या गाठी मोजल्या. बरोबर होत्या.

हे जाणार नाही, खारू. मी पन्नाशीची झाले आणि ते माझ्याएवढंच झालं. पण आता ते झालं, की त्याच दिवशी तुला लिहायचं असं ठरवलं आहे. तुला वाचून त्रास होईल, होऊ दे. न लिहिता मी काय करते, ते आपण दोघींनी पाहिलं आहे.

इथे दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. तू आलीस तर तुला बसायला खुर्ची देतील, मला माहीत आहे. तरी ये. माया शिल्लक असेल तेवढी पाठव, पुरवून वापरीन.

तुझी,
ताई